साहेबांची वहिनी

साहेब बोट दाखवायचे नाहीत, अंगठा दाखवायचे. पहिल्या दिवशी मी त्यांच्या किचनमध्ये उभी, माझी लेक मनू कडेवर, मी विचारलं केटल कुठे आहे, म्हणजे नुसतं "केटल?" म्हटलं कारण तेवढंच इंग्रजी यायचं, तर या ऐंशी पार केलेल्या गोऱ्या म्हाताऱ्याने उजव्या हाताची मूठ केली, वर अंगठा ठेवला आणि तो केटलकडे वळवला. मला वाटलं चिडवतात. आमच्या कराडला शाळेत पोरं अशीच चिडवायची. माझा चेहरा पडला असणार, कारण ते लगेच खुर्ची ओढून बसले आणि मला हळूहळू समजावलं की मलायात, म्हणजे आताच्या मलेशियात, कुणावर बोट रोखत नाहीत, तो अपमान होतो, म्हणून सभ्य माणूस अंगठ्याने दाखवतो. मी म्हटलं, "पण केटल?" तर म्हणाले, "केटललासुद्धा मान असतो."

तुमच्यापैकी कितीतरी जणींनी असे म्हातारे सांभाळले असतील. एजन्सीतून पाठवतात ना आपल्याला, दार उघडलं की भिंतीवर कुठल्यातरी देशाचे भाले-ढाली, नाहीतर पितळी हत्ती, आणि म्हातारा सांगायला लागतो की मी तिकडे असताना असं होतं आणि तसं होतं. कुणाचा केनियाचा, कुणाचा आसामच्या चहाच्या मळ्यातला. माझे मलायाचे. तरुणपणी तिकडे जिल्ह्याचे ऑफिसर होते, आपल्याकडे कलेक्टर असतो तसे, मग इंग्रजांचं राज्य गेलं तसे परत आले आणि केंब्रिजला राहून आयुष्यभर त्या लोकांची भाषा आणि त्यांच्या चालीरीती यांचा अभ्यास केला. मोठे विद्वान होते म्हणे. तिकडचे प्रोफेसर लोक भेटायला यायचे आणि दारात बूट काढून वाकून आत यायचे. मला त्यातलं काय कळणार, माझी शाळा नववीपर्यंत. मला एवढंच कळायचं की या घरात कुणी आवाज चढवत नाही. असं घर मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

मला मात्र काम डॉक्टरकाकूंनी मिळवून दिलं, आमच्या सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या दवाखान्यातल्या मराठी डॉक्टर, साहेब त्यांचे पेशंट. मुलीला बरोबर आणलं तरी चालेल असं साहेबांनीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी हे मला सोडायला आले. हे म्हणजे माझा नवरा, तेव्हा मी त्याला हे म्हणायचे. साहेबांनी आधी त्यांच्याशी हात मिळवला, बसवलं, चहा विचारला, आणि मग अगदी गंभीरपणे विचारलं, "तुमच्या पत्नीला मी काय म्हणावं? तुमच्या रीतीप्रमाणे." हे म्हणाले, "आमच्यात सगळे वहिनी म्हणतात." साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली, एका कार्डावर ते लिहून घेतलं, दोनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, "आणि मग मी तुमचा कोण झालो?" हे हसले, "मग काय, भाऊ झालात माझे, सर!" आणि परत हात पुढे केला. साहेब हसले नाहीत. त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला. मी दाराजवळ उभी राहून हसू दाबत होते, हा आजोबांच्या वयाचा माणूस मला वहिनी म्हणणार, बाळ म्हणायचं सोडून. पण हे एकदा बोलले की आमच्या घरात ते खोडायचं नसतं, म्हणून मी गप्प.

तर त्या दिवसापासून मी वहिनी आणि हे दादा. "वहिनी, भात तयार आहे का?" "वहिनी, दादा आज कामावर गेले का?" असं ते इंग्रजीच्या मध्येमध्ये घालायचे आणि उच्चार असा स्वच्छ की पाठमोरी असले तर वाटायचं आपल्या पेठेतलाच कुणीतरी बोलतोय. मनूला ते पुतेरी म्हणायचे. मलायात मुलीला, राजकन्येला म्हणतात तसं. ती तेव्हा धड चालत पण नव्हती, पण त्या नावाने हाक मारली की ओणवी होऊन धावायची.

घरात साहेब लुंगी नेसायचे. हीटिंग पूर्ण चढवलेलं, बाहेर बर्फ आणि आत साहेब लुंगी आणि बनियनवर. जेवायचं हाताने, उजव्या, आणि बोटांच्या दुसऱ्या पेरापलीकडे भाताचं शीत लागायचं नाही. मला म्हणायचे, "वहिनी, तुम्ही मुठीने जेवता." खरंच होतं ते. बाथरूममध्ये टब होता, पण त्यात एक बादली आणि प्लॅस्टिकचा मग, आणि ते उभं राहून डोक्यावर पाणी ओतून घ्यायचे. टबात पडून आंघोळ करणारे म्हणजे स्वतःच्याच सूपमध्ये बसलेले, असं म्हणायचे. एकदा सोशलची, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल बघणाऱ्या सरकारी खात्याची बाई तपासायला आली होती, पडू नयेत म्हणून तिने टबाला पकडायला दांडा लावायचं ठरवलं आणि ती बादली उचलून बाहेर ठेवली. ती गेल्यावर साहेब नुसते त्या बादलीशेजारी उभे राहिले लहान पोरासारखे. मी ती उचलून परत टबात ठेवली. तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र हसलो.

माझ्याकडून शब्द काढायचा त्यांना नाद होता. मी खिडकी पुसत असले की येऊन विचारायचे हे काय, मी म्हणायचे काच, ते टाळी वाजवायचे, "काचा! आमच्याकडे पण काचा!" आमच्याकडे म्हणजे मलायात. पेटीला पेती. गुळाला मी गूळ म्हटलं तर ते म्हणाले गुला, साखरेला म्हणतात. कापसाला कापास. नवऱ्याला तिकडे सुवामी म्हणतात हे सांगताना तर त्यांना कोण आनंद झाला होता, "वहिनी, स्वामी! तुमचा शब्द, हजार मैल समुद्रावरून गेलेला!" मी हो हो केलं. त्या दिवशी माझ्या दंडावर निळं झालेलं होतं आणि मी बाह्या खाली ओढून खिडक्या पुसत होते, आणि ते स्वामी स्वामी म्हणत कार्ड लिहायला गेले. मला राग नाही आला तेव्हा. मला वाटलं, साहेबांना दिसलं नसेल.

साहेब कधी कुणाला नाही म्हणायचे नाहीत. जेवलात का विचारलं तर "नॉट येट." औषध घेतलं का, "नॉट येट." चर्चची बाई दरवर्षी विचारायची या वर्षी येणार का ख्रिसमसला, "नॉट येट, माय डिअर." लग्न का नाही केलं असं मी एकदा धीर करून विचारलं तर तेच, "नॉट येट, वहिनी." त्यांचं म्हणणं तिकडे नाही हा शब्द तोंडावर मारत नाहीत, समोरच्याला कोपऱ्यात ढकलल्यासारखं होतं, म्हणून अजून नाही म्हणायचं, दार किलकिलं ठेवायचं. मला ते फार आवडलं होतं. आमच्या घरात नाही शब्द दिवसातून इतक्यांदा भिंतीवर आपटायचा, मला वाटायचं किती सुंदर आहे हे, कुणाला नाहीच म्हणायचं नाही.

आणि एक गोष्ट ते परत परत सांगायचे, म्हातारी माणसं सांगतात तशी, शब्दसुद्धा तेच. ज्या भागात ते ऑफिसर होते तिथे घर बाईचं असतं. शेत बाईचं. लग्न झालं की नवरा तिच्या घरी येतो, आपले कपडे घेऊन, आणि तिथे पाहुण्यासारखा राहतो, नीट वागायचं, आवाज खाली ठेवायचा. आईचं घर मुलीला मिळतं. मी ऐकतच राहायचे. मनूला भरवता भरवता म्हणायचे, "मग साहेब, नवरा मारत असेल तर?" तर त्यांची ती गोष्ट. एक बाई त्यांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात आली, तोंड सुजलेलं. साहेब तेव्हा तरुण, रक्त गरम, हातात सगळी सत्ता, पोलीस दाराशी. "आणि मी काय केलं, वहिनी?" काय केलं? "काही नाही." त्यांनी तिच्या कुळाच्या प्रमुखाला निरोप पाठवला आणि आत जाऊन बसले. संध्याकाळी तिच्या भावांनी नवऱ्याचे कपडे जिन्यावरून खाली टाकले, तो ते उचलून निघून गेला. खलास. "सरकारचा नियम होता, सगळ्यात सल्ला द्या, पण त्यांचा धर्म आणि त्यांची रीत यात हात घालू नका. बाकीचे साहेब नियम म्हणून पाळायचे. मी मनापासून पाळला. काही न करणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम."

मला तेव्हा वाटलं, किती मोठा माणूस. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले इंग्रज कसे होते आणि साहेब कसे. हे सुचलंच नाही की त्या बाईला भाऊ होते, घर तिचं होतं, जिना तिचा होता. मला काय होतं इथे? हीथ्रोवरून आणलेली एक बॅग, ती पण नवऱ्याने लॉफ्टवर टाकलेली आणि लॉफ्टची शिडी गॅरेजमध्ये.

मनू दोनची होत आली तेव्हा यांनी ठरवलं तिला गावी नेऊन स्वतःच्या आईजवळ ठेवायचं. किती जणांनी ठेवलीत पोरं, तुम्हाला माहीतच आहे, पाच-सहा वर्षांनी आणायची म्हणतात आणि मग ते पोर आईला आँटी म्हणतं. मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. घरी जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी मी मनूला घेऊन साहेबांकडे आले आणि दुपारी हे तिथे आले, तिला घेऊन जायला, मी तिला घट्ट धरलं, आणि साहेबांच्या किचनमध्ये, त्या घरात, यांनी मला मारलं. दोनदा. दुसऱ्या वेळी माझं डोकं फ्रिजला आपटलं आणि वरची पितळेची पानदाणी खाली पडली. मनू किंचाळत होती. मी बघितलं तर साहेब दारात उभे, हातात जेवणाचं ताट, बोटांना भात. ते म्हणाले, अगदी शांत, "दादा, चहा घेणार?"

तुम्हाला खोटं वाटेल पण हा माणूस थांबला. ओशाळला. "सॉरी सर, घरचं जरा..." म्हणाला आणि खुर्चीवर बसला. साहेबांनी हात धुतले, स्वतः चहा केला, त्याला साखर विचारली, सुपरमार्केटमधलं काम कसं चाललंय विचारलं. त्याने कप संपवला आणि मनूला न घेता गेला. मी सिंकजवळ उभी आणि मला वाटलं, वाचवलं साहेबांनी. न भांडता, न ओरडता, त्यांच्या त्या मलायाच्या पद्धतीने वाचवलं. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ते मागे सरकले आणि म्हणाले, "पुतेरी घाबरलीय, तिला केळं द्या."

मग ग्लोरिया आली. ग्लोरिया म्हणजे मनूची हेल्थ व्हिजिटर, घरोघरी बाळं तपासणारी सरकारी नर्स, जमैकाची, वजन करायला यायची. तिने मनूचं वजन केलं आणि मग माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "डार्लिंग, हू डिड दिस?" मी म्हटलं कपाट. ती म्हणाली, "कपाटाला बोटं असतात का?" आणि मी फुटले. सगळं सांगितलं, शनिवारचं तिकीट काढलंय हे पण, त्याचं आणि मनूचं. तिने मला एका सॉलिसिटरकडे, म्हणजे वकीलबाईंकडे नेलं. ती बाई चांगली होती, म्हणाली मुलीला देशाबाहेर न्यायला अडवता येईल, कोर्टात लगेच जाऊ, पण तुझा व्हिसा नवऱ्याच्या जोरावर आहे आणि तो म्हणेल ही व्हिसासाठी बनवून सांगतेय. कुणी बघितलंय का? घराबाहेरच्या एखाद्या माणसाने? मी म्हटलं हो! माझा ऊर असा भरून आला. मी म्हटलं, मोठे साहेब आहेत, विद्वान आहेत, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. ग्लोरियाने माझा हात दाबला. ती म्हणाली, "अशा माणसाचा एक शब्द पुरे."

मी बसमधून उतरले ती जवळजवळ पळतच साहेबांकडे गेले. ते कार्डं लावत बसले होते. मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी तुम्ही बघितलंत ना?"

"आय वॉज प्रेझेंट," ते म्हणाले. होतो म्हणाले. बघितलं म्हणाले नाहीत.

"तेवढंच सांगायचं साहेब. सॉलिसिटरला. नाहीतर तो मनूला नेतोय. शनिवारी."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "नॉट येट, वहिनी."

"साहेब, शनिवार परवा आहे!"

त्यांनी कार्डांची चवड सारखी केली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले, हळू, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. "वहिनी, मी तुम्हाला तुमच्या नवऱ्याकडून ओळखतो. त्यांनी मला भाऊ म्हटलं. मी हात दिला. तुमच्या रीतीत भाऊ भावाविरुद्ध परक्यांपुढे उभा राहतो का? कोर्टात? त्याच्या बायकोच्या बाजूने?"

आमच्याकडे दीर असं करतो का? नाही करत. मी म्हटलं, "नाही, पण..."

"मग तुम्ही मला ते करायला सांगू नका."

"साहेब, तो हसत म्हणाला होता ते! कुणी असं खरं धरतं का? तुम्ही इंग्रज आहात, तुम्ही कसले त्याचे भाऊ!"

"मी खरं धरतो," ते म्हणाले. "मी आयुष्यभर लोकांनी दिलेलं नातं खरं धरत आलो. म्हणून त्यांनी मला घरात घेतलं."

"मग त्या तुमच्या बायका? त्यांच्या नवऱ्यांचे कपडे टाकतात ते? ते तर तुम्हाला आवडतं!"

"ती त्यांची रीत. तुमची वेगळी आहे."

"माझी रीत काय आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दादांनी," ते म्हणाले. आणि ते असं सरळ म्हणाले, एखाद्या लहान मुलाला उत्तर द्यावं तसं, की मला कळलं यांना यात काही चुकीचं दिसतच नाही. वर्षभर हा माणूस मला काच विचारत होता, कापूस विचारत होता, गूळ विचारत होता. हे एक कधी मला विचारलं नाही.

ग्लोरियाने हार मानली नाही, तिने त्याच संध्याकाळी पोलीस पाठवला साहेबांकडे. तरुण पोरगा होता, टोपी काखेत धरून दारात उभा. साहेबांनी त्याला पण चहा विचारला. मी किचनमध्ये कांदा चिरत ऐकत होते. साहेब म्हणाले, "इट इज अ हाउसहोल्ड मॅटर, ऑफिसर. ही इज अ कर्टियस मॅन. ही सॅट विथ मी अँड टुक टी." घरातलं प्रकरण आहे, सभ्य माणूस आहे. माझ्याबरोबर चहा घेतला त्याने. पोलिसाने लिहून घेतलं आणि गेला. हे वाक्य पुढे माझ्या मागे कुठे कुठे आलं काय सांगू. व्हिसाच्या कागदांत आलं, कोर्टात आलं. माझ्या नवऱ्याच्या वकिलाने ते वाचून दाखवलं आणि वर म्हणाला की हे मत एका अशा गृहस्थाचं आहे ज्यांनी आशियातल्या कुटुंबपद्धतीचा आयुष्यभर अभ्यास केला आहे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी मी साहेबांचा भात केला, मासे तळले, ताट झाकून ठेवलं. ग्लोरियाची गाडी कोपऱ्यावर होती. मी मनूला बाबागाडीत बसवलं, तिच्या अंगावर दोन स्वेटर, खाली पिशवीत तिचे कपडे, माझं काही नाही. साहेब दारापर्यंत आले. म्हणाले, "उद्यापर्यंत, वहिनी." मी म्हटलं, "हो साहेब." ज्या एका घरात मला भीती वाटायची नाही तिथून मी खोटं बोलून निघाले, कारण खरं सांगितलं असतं तर त्यांनी दादांना कळवलं असतं, भाऊ ना ते.

आम्हाला ब्रिस्टलला ठेवलं, अशा बायकांसाठी घर असतं तिथे, पत्ता कुणाला द्यायचा नाही. दोन वर्षं मी रस्त्याने जाताना भिंतीच्या बाजूने चालायचे. पत्र आलं की उघडायच्या आधी दाराची कडी बघून यायचे. प्रत्येक ऑफिसात तोच प्रश्न, कुणी बघितलं? आणि मी सांगायचे, बघितलं एकाने, पण तो सांगत नाही. असं म्हटलं की समोरची बाई पेन थांबवून माझ्याकडे बघायची ना, ती नजर अजून लक्षात आहे. शेवटी झालं. मनू माझ्याकडे राहिली, मला राहायचा कागद मिळाला, तो गावी जाऊन दुसरं लग्न करून बसला, म्हणून तर हे लिहायचा धीर झाला. पण साहेबांचा एक शब्द असता तर दोन वर्षांचं ते सगळं दोन आठवड्यांत झालं असतं, असं माझी सॉलिसिटर म्हणाली.

साहेब त्या दोन वर्षांच्या मधल्या हिवाळ्यात गेले. ग्लोरियाने फोनवर सांगितलं, ती गेली होती फ्युनरलला, माझ्यासाठी म्हणूनच गेली. मलायाचे लोक आले होते म्हणे विमानाने, शवपेटीवर तिकडचं जरीचं कापड घातलं होतं. आणि पहिल्या रांगेत माझा नवरा, काळा टाय लावून, लोक येऊन त्याचा हात हातात घेत होते, घरचा माणूस म्हणून. मी जाऊ शकले नाही. मला जायचं होतं, हे कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील, पण मला त्यांच्या पायाशी उभं राहायचं होतं आणि काहीतरी बोलायचं होतं, काय ते मला पण माहीत नाही.

त्याआधी एकदाच आमचं बोलणं झालं होतं. पळाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. मला सारखं वाटायचं साहेबांना भात कोण करून घालतं, नवीन बाईला माहीत आहे का की मासा आधी चिंचेत ठेवायचा. म्हणून मी डॉकजवळच्या फोनबॉक्समध्ये गेले, ग्लोरियाने शिकवलं होतं तसं आधी एक-चार-एक दाबलं म्हणजे नंबर दिसत नाही, आणि लावला. त्यांनी उचलला. मी नुसतं "साहेब" म्हटलं.

"वहिनी," ते म्हणाले. आणि मग पटकन, इतक्या पटकन ते कधी बोलायचे नाहीत, "कुठे आहात ते मला सांगू नका. मला कळलं तर मला दादांना सांगावं लागेल. मी शब्द दिलाय त्यांना."

मी म्हटलं, "नाही सांगत." मी विचारलं जेवलात का. तेवढ्यात मनूने रिसीव्हर ओढला, तिला आवाज ओळखू आला होता, आणि ती ओरडलीच त्यात, "साहेब! देअर आर बिग बिग बलून्स! इन द स्काय! पीपल आर इन इट! दे गो ओव्हर द ब्रिज!"

असा पूल आणि त्यावरून माणसं घेऊन जाणारे असे फुगे कुठल्या गावात, हे या देशात शाळेतलं पोर सांगेल, आणि साहेब तर पेपरची ओळ न् ओळ वाचणारे. मी रिसीव्हर हिसकावला. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. वरच्या मजल्यावरून त्यांना खाली भात उतू गेलेला ऐकू यायचा, इतके कान तिखट.

"आय ॲम अफ्रेड आय डिड नॉट कॅच दॅट," ते म्हणाले. "मला हल्ली फोनवर काहीच ऐकू येत नाही, वहिनी. पार बहिरा झालोय." आणि थोडं थांबून, "पुतेरीला टोपी घाला. ऊन आहे." आणि ठेवला.

मी महिनाभर खिडकीचा पडदा उघडला नाही. खाली गाडी थांबली की मनूला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसायचे. कुणी आलं नाही. माझा नवरा तर त्या काळात आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे चहाला जायचा, विचारायचा काही कळलं का, हे मला नंतर कोर्टात कळलं. साहेबांनी सांगितलं नाही. दिलेला शब्द त्यांनी माझ्यासाठी मोडला, तो भाऊ आणि ती रीत सगळं बाजूला ठेवून, तोंडावर खोटं बोलून मोडला, आणि त्याबद्दल मी रोज हात जोडते. आणि रोज चिडते. कारण म्हणजे शब्द मोडणं येत होतं त्यांना. मग त्या गुरुवारी, मी समोर उभी असताना, गालावर बोटं उठलेली असताना, का नाही आलं?